जुनी एंटरप्राइझ डिंगी पुन्हा पाण्यावर: कोल्हापुरातल्या कामाच्या नोंदी

मी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवतो, फाउंड्रीवाल्यांसाठी. मुंबईला नोकरीत असताना तीन हिवाळे कुलाब्याच्या समुद्रात दुसऱ्याच्या डिंगीत, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीत, क्रू म्हणून बसलो होतो. शिडाबद्दलची माझी शिदोरी एवढीच. समुद्रापासून घाटभर लांब राहून कुणी असलं काम काढणार असेल, तर त्याचे थोडे पैसे आणि बरेच रविवार वाचावेत म्हणून ही वही.

९ नोव्हेंबर

वाघोटन खाडीच्या काठी, विजयदुर्गाच्या अलीकडे एका वाडीत होडी बघितली. एंटरप्राइझ. जॅक होल्टनं १९५६ साली आखलेली, दोघांनी चालवायची, चार मीटरला जेमतेम चार सेंटीमीटर जास्त लांब, निळ्या शिडांची. या जातीची होडी घ्यायचं कारण सरळ आहे: मापं ठरलेली असतात, त्यामुळे तुटलेला भाग कसा असायला हवा होता हे शोधत बसावं लागत नाही.

मालकांनी ती कुठल्याशा लिलावात घेतलेली, पाहुण्यांना फिरवायला म्हणून. पाहुणे फिरले दोन हंगाम. मग ती आंब्याखाली उलटी पडली आणि कोंबड्यांनी ताबा घेतला. मी खाली वाकून बघत होतो तेव्हा एक खुडूक कोंबडी अंगावर आली.

"कोल्हापुरात व्हडी घेवन तुमी काय करतलात? रंकाळ्यात?" मालकांनी विचारलं. मी हसलो. उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

तपासणी चाळीस मिनिटं. दहा रुपयांच्या नाण्यानं सगळा तळ ठोकत गेलो. टणटण आवाज येतो तिथे फायबर धड, भदभद येतो तिथे आत काहीतरी सुटलंय. सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) खोक्याभोवती आणि डोलकाठी बसते तिथे भदभद. ट्रान्समच्या, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, आतली फळी अंगठ्यानं दाबली तर ओल्या बिस्किटासारखी आत गेली. उलटली तरी होडी तरंगावी म्हणून असलेल्या हवेच्या टाक्यांची बुचं काढली तर उजवीकडून चहाच्या रंगाचं पाणी आलं, डावीचं बुच निघेचना. डोलकाठी अॅल्युमिनियमची, सरळ. सुकाणूचा वरचा कान (खिळीवर बसणारी कडी) तुटलेला. शिडं गोणीत, उंदरांच्या सहवासात.

सांगितले ४५,०००. दीड तास घासाघीस, दोन कप चहा, एक कोकम सरबत. २८,००० ला कंडका पडला. घरी येताना हिशेब मांडला: सगळं मिळून ६०,००० आणि तीन महिने. हा आकडा मुद्दाम खोडला नाही, पुढे वाचताना उपयोगी पडेल.

पहिली चूक इथेच झाली. होडी एका टोकाला उचलून बघितली, "जरा जड आहे" एवढंच मनात आलं आणि सोडून दिलं. जड का आहे हा प्रश्न भाव करतानाच विचारायचा असतो.

१६ नोव्हेंबर

पिकअपनं आणली. भाडं आणि एक माणूस मिळून ११,०००. होडी मागच्या फाळक्यावरून बाहेर आली तरी बसली, अडचण डोलकाठीची. सहा मीटरच्या पुढची लांबी, केबिनवरून पुढे आणि मागे दोन्हीकडे बाहेर. टोकाला बायकोच्या जुन्या लाल साडीचा तुकडा बांधला. घाटातल्या वळणांवर ड्रायव्हर प्रत्येक वेळी "दादा, काठी!" म्हणायचा आणि मी खाली उतरून बघायचो. गगनबावड्याला वर आलो तेव्हा अंधार पडला होता, आणि साळवणपासून कळ्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे. एका नाक्यावर हवालदारांनी टॉर्च मारून विचारलं, "ह्याला पासिंग हाय का?"

होडी कसबा बावड्यात मामांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात ठेवली. पत्र्याचं छप्पर, फरशी, तीन फेजची लाईट. शेजारचं गुऱ्हाळ चालू आहे. हे शेजारपण पुढे उपयोगी पडलं आणि महागातही पडलं.

१८ नोव्हेंबर

ओळखीच्या फाउंड्रीतून क्रेनला लावायचा काटा मागून आणला. दोन पट्टे, तुळईला चेन पुली, आणि होडी हवेत.

१३१ किलो.

नव्या एंटरप्राइझच्या नुसत्या हलचं, म्हणजे डोलकाठी-शिडं सोडून होडीच्या अंगाचं, वजन ९४. म्हणजे ३७ किलोचं पाणी, कुजलेलं लाकूड, रंगाचे थर आणि कोंबड्यांची शीट मी पिकअपचं भाडं भरून घाट चढवून आणली.

डावं बुच ड्रिलनं फोडलं. चौदा लिटर पाणी निघालं, बादलीनं मोजून. बाकीचं फायबरच्या आणि लाकडाच्या आत मुरलेलं.

१९ नोव्हेंबर ते २० डिसेंबर

वाळवण. हे काम म्हणजे काहीही न करणं, आणि तेच मला जमत नाही.

मामांनी शेजारच्या गुळव्याशी बोलून ठेवलं होतं. चुलवाणाच्या मागच्या भिंतीला रात्रभर ऊब असते, त्या भिंतीला टेकून होडी उभी केली, टाक्यांना हात जाईल एवढी गोल भोकं पाडली (नंतर तिथे फिरकीची झाकणं बसणार होतीच) आणि आत छोटा पंखा सोडला. दर रविवारी वजन. १३१ वरून पाणी काढल्यावर ११७, मग ११३, ११०, १०९, पुन्हा १०९. वजन उतरायचं थांबलं की वाळवण संपलं असं धरलं. ओल मोजायचं यंत्र आणावं का असं वाटत होतं. काट्यानं काम झालं.

रोज संध्याकाळी ताजा गरम गूळ खाऊन माझं वजन मात्र वाढलं.

२२ डिसेंबर

घासकाम. तीन थर ऑइल पेंट, त्याखाली मूळ जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर). ग्राइंडरला ऐंशीची चकती. संध्याकाळपर्यंत मान, मनगटं, कमरेचा पट्टा सगळीकडे खाज. फायबरच्या धुळीनं अंग खाजायला लागलं की गरम पाण्यानं आंघोळ करू नका. आधी गार पाणी, न चोळता. मास्क साधा कापडी चालत नाही, फिल्टरचाच घ्या. चकत्या, पॉलिश पेपर, मास्क यांचा शेवटपर्यंतचा खर्च ४,९००. सुरुवातीच्या अंदाजात ही ओळच नव्हती.

४ जानेवारी

आजची नोंद लिहायला लाज वाटते.

टाक्यांची गळती शोधायची होती. पद्धत अशी: टाकीत किंचित हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात तिथे खूण करायची. वर्कशॉपमध्ये कंप्रेसर रोज हाताखाली असतो. रेग्युलेटर एक पीएसआयवर, म्हणजे चौरस इंचाला एक पौंड दाबावर, आणला (काटा शंभरपर्यंतचा, त्यात एक कुठे दिसतोय) आणि नळी लावली. "एकच तर आहे."

फाट्! ट्रान्समच्या कोपऱ्यापासून दीड फूट टाकीची शिवण उघडली.

रात्री गणित केलं. टाकीची एक भिंत तीन फूट बाय एक फूट, म्हणजे ४३२ चौरस इंच. एक पीएसआय म्हणजे त्या भिंतीवर ४३२ पौंड, जवळजवळ दोनशे किलो. दोन धट्टेकट्टे माणसं आतून लाथा मारतायत असं समजा. चार मिलिमीटरचं फायबर काय करणार?

१२ जानेवारी

योग्य पद्धत, उशिरा शिकलेली: गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर ठोकली, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरलं, एक टोक टाकीला. दुसऱ्या भोकातून तोंडानं हवा फुंकली. हो, तोंडानं. नळीतल्या दोन पातळ्यांत चार-पाच इंचाचा फरक आला की पुरे. एक पीएसआय म्हणजे पाण्याचे जवळपास पावणेअठ्ठावीस इंच, यावरून माझ्या कंप्रेसरचा पराक्रम कळेल.

उजवी टाकी: सेंटरबोर्डच्या खोक्याच्या मुळाशी तीन जागा. डावी: मी फाडलेली सोडून दोन.

१८ जानेवारी

फायबरचं मला काही येत नाही हे मान्य करून बापट कॅम्पला गेलो. तिथे मूर्तींचं काम चालतं. एक आण्णा फायबरच्या मूर्ती आणि मिरवणुकीचे देखावे करतात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी तासभर दिला आणि मी वहीत उतरवलं:

रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून नीट ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट; या दोन्हींमुळे रेझिन कडक होतं. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोन्हीच्या बाटल्यासुद्धा वेगवेगळ्या कपाटांत. कॅटॅलिस्ट शंभराला एक ते दोन, थंडीत दोन. मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) कापायचं नाही, हातानं फाडायचं, म्हणजे कडा विरळ होऊन मिसळते. आणि लाकूड चिकटवायचं असेल तिथे पॉलिस्टर वापरू नका, इपॉक्सी वापरा. पण एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिस्टर धरणार नाही, पुढचे थरही इपॉक्सीचेच.

पैसे विचारले तर म्हणाले, "पाण्यात घातल्यावर एक चक्कर मारा आमास्नी."

२५ जानेवारी ते ८ फेब्रुवारी

फाटलेली शिवण आणि खोक्याचं मूळ. दोन्हीकडून बारा पट एक असा उतार घासला (पाच मिलिमीटर जाडीला साठ मिलिमीटर रुंद उतार), मॅटचे चार थर, लहानपासून मोठ्याकडे. आण्णांनी सांगितलं तसंच केलं आणि तसंच झालं. लिहायला काही नाही.

दुपारी दोनला, उन्हात, एकदम लिटरभर रेझिन कालवलं ती एक चूक सोडून. सात मिनिटांत डब्यातून धूर आणि डबा हातात धरवेना. सकाळी आठच्या गारव्यात जे प्रमाण अर्धा तास चाललं होतं, ते दुपारी चालत नाही. पाव लिटरच्या वर एका वेळी कालवू नका, आणि रुंद ताटलीत घ्या; डब्यात साचून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं पेटतं.

१५ फेब्रुवारी

ट्रान्समची फळी आणि नवा सेंटरबोर्ड. आता लाकूड! माझा प्रांत.

१९ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला, शिक्का आयएस ७१०, ३,१००. घरी आल्यावर संशय आला, कारण कडेचा थर बोटानं उचकटत होता. ७१० चा प्लाय बहात्तर तास उकळूनही सुटता कामा नये. तुकडा कापून बायकोच्या जुन्या पातेल्यात उकळायला ठेवला. तीन तासांत त्याची पुस्तकासारखी पानं झाली. दुकानदार म्हणाले, "साहेब, होडी कोण उकळतंय?" माल परत घेतला नाही. दुसरीकडून ४,२०० चा आणला, तुकडा तीन दिवस अधूनमधून गॅसवर, घरी बोलणी खात. पूर्ण बहात्तर तास नव्हेत, वीसेक भरले असतील. हलला नाही. पातेलं मात्र गेलं.

विकत घेण्याआधी दुकानातून चिपटंभर तुकडा मागून घ्या. देत नसेल तर तेच उत्तर समजा.

२३ फेब्रुवारी

आतल्या बाजूला रेझिनचा शेवटचा रंगीत थर मारला. सकाळी दहाला संपलं, आरशासारखं दिसत होतं. साडेदहाला शेजारच्या गुळव्यानं चुलवाण पेटवलं, वारा आमच्याकडचा. वाळलेल्या चिपाडाची राख, काळी, हलकी, फुलपाखरासारखी, दारातून आत येऊन ओल्या थरावर सावकाश बसत होती. मी पुठ्ठा हलवत उभा. हलवलं की आणखी आत येत होती.

गुळव्याची चूक नाही, त्याचा हंगाम आहे. मी विचारलं नाही.

भरीस भर, दुसऱ्या दिवशीही थर चिकट. कॅटॅलिस्ट कमी पडला असं समजून मी सगळं खरवडायला घेतलं, तेवढ्यात आण्णांना फोन केला. "मेण घातलं का?" कुठलं मेण? तर साध्या रेझिनचा वरचा पापुद्रा हवेमुळे कडक होतच नाही. शेवटच्या थरात स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण घालतात, ते वर तरंगून हवा अडवतं. खालचा थर पक्का होता. चिकटपणा पुसून, राख घासून, मेणाचा नवा थर, दार बंद करून, पहाटे सहाला. रेझिन, मॅट, जेलकोट सगळं धरून १४,६००. त्यातलं निदान तीन हजारांचं वाया.

९ मार्च

सुकाणूचे कान. ट्रान्समवरच्या जुन्या खिळी धड होत्या, म्हणून सुकाणूकडचे दोन्ही कान एकाच २२० मिलिमीटरच्या पाठपट्टीवर घ्यायचं ठरवलं, गनमेटलमध्ये (एक प्रकारचं कांसं). पॅटर्न मीच केला. एका दुपारचं काम, शिसमाची फिनिश, सगळ्यांना दाखवला.

कास्टिंग आलं आणि वरची खीळ बसली की खालची बसेना.

उद्यमनगरातल्या वाचकांना एव्हाना कळलं असेल. आयुष्यभर कास्ट आयर्नचे पॅटर्न केले. हात आपोआप कास्ट आयर्नच्या संकोच-पट्टीकडे (धातू गार होताना आकसतो तेवढी मापं वाढवून आखलेली पट्टी) गेला. कास्ट आयर्न शंभराला एक आकसतं, गनमेटल दीडच्या आसपास. २२० ला मिलिमीटरभर तूट. चहाच्या टपरीवर ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. "काय, होडी लहान साइजची केलासा जणू?"

नवं ओतायला पुन्हा पैसे गेले असते, म्हणून एक भोक मधोमध न पाडता मिलिमीटरभर बाहेरच्या अंगाला बोअर करून घेतलं. एका बाजूची भिंत पातळ दिसते. ओतकाम आणि लेथ मिळून ५,४००.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते मूर्तीच्या कानात कोरणी घालून बसले होते. वर न बघता म्हणाले, "फायबर चुकलं न्हाई तुमचं. हवा चुकली, वतकाम चुकलं. जे ठावं हाय त्येच चुकतंय की वो."

२२ मार्च

सेंटरबोर्ड. आणि हो, हेही लाकडाचंच.

कडा गोल, पुढची जाड, मागची निमुळती, खोक्यात अर्धा मिलिमीटर मोकळीक. पॅटर्नवाल्याचा माज. तीन हात इपॉक्सी (दोन किट, ७,८००) आणि दोन हात रंग चढल्यावर तो खोक्यात शिरेना, कारण रंगालाही जाडी असते. पुन्हा घासला, पुन्हा इपॉक्सी. एक आठवडा.

५ एप्रिल

दोर-तारा. डोलकाठीला दोन बाजूंनी आणि पुढून धरणाऱ्या तारा जुन्या होत्या, टोकाला तीन-चार केस (तारेतले बारीक धागे) तुटलेले. त्यावर हात फिरवला की रक्त येतं, आणि असा एक जरी केस सुटला असेल तर तार बदलायची, चर्चा नाही. गावात मिळते ती सात-गुणिले-एकोणीसची (सात लडी, प्रत्येकीत एकोणीस केस) लवचीक तार, क्रेनची. ती ताणली की लांबते. डोलकाठीला एक-गुणिले-एकोणीसची (एकच लड, एकोणीस केस), कडक, लागते. मुंबईहून मागवली, ३ मिलिमीटर. एका शुभचिंतकानं क्लच केबलचा सल्ला दिला. नको.

टोकाचे फासे तांब्याच्या फेरुलनं (छोट्या नळकांडीनं) दाबून घेतले. आता मात्र शहाणा झालो होतो: होडीला लावण्याआधी चेन पुली आणि तोच काटा घेऊन ओढून बघितलं. पहिला फासा १८० किलोला सरकला! फेरुल दाबायची डाय चुकीच्या मापाची होती. दुसरी डाय, नवी फेरुल, ४०० पर्यंत ओढून थांबलो. हे न तपासता पाण्यात गेलो असतो तर डोलकाठी सोबत येणाऱ्या पुतणीच्या डोक्यावर आली असती. तारा, दोर, शॅकल, पुल्या: १६,३००.

डोलकाठीवर स्टेनलेसचे रिव्हेट होते तिथे पांढरी पूड धरली होती, अॅल्युमिनियम खाल्लेलं. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की हे होतंच. रिव्हेट काढून अॅल्युमिनियमचे मारले, जिथे स्टेनलेस टाळता येत नाही तिथे खाली प्लास्टिकची चकती.

१९ एप्रिल

शिडं. नव्या शिडाचा भाव ऐकून "कळवतो" म्हणालो आणि फोन ठेवला. गोणीतली बाहेर काढून गच्चीवर पसरली, सौम्य साबण, मऊ ब्रश. निळा रंग विटलाय, पण कापड धरून आहे. नखानं ओरखडून, कोपरा दोन्ही हातांनी ओढून बघितलं.

ताडपत्री शिवणाऱ्याकडे नेलं. पहिला टाका त्यानं सुती दोऱ्यानं, ताडपत्रीच्या जाड सुईनं मारला. भोकांची रांग पडली, पोस्टाच्या तिकिटासारखी. तिथेच फाटलं असतं. थांबवून पॉलिस्टरचा दोरा आणि बारीक सुई आणून दिली, टाका नागमोडी घ्यायला सांगितलं. मग छान झालं. शिडाच्या वरच्या टोकाला आणि खालच्या कोपऱ्याला जाड थर असतो, मशीन चालेना. ते काम चप्पल शिवणाऱ्या एका मामांनी केलं, आरीनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, आणि न विचारता कोपऱ्यावर चामड्याचा तुकडा चढवून. घासपट्टी म्हणून ते चामडं आजही होडीतली सगळ्यात देखणी वस्तू आहे. दोघांचे मिळून ४,५००.

१७ मे

रंग झाला (६,२००). वजन १०२. आठ किलो जास्त, पण मी जेवढं लावलं तेवढंच.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले आहेत, वर पाणी तुंबलेलं. बंधाऱ्यापासून बरंच वरच्या अंगाला, डोलकाठी न उभारता, काठावर दोर बांधून होडी पाण्यात सोडली. पुतणी आदल्या रात्री फोनवर "काका, मी येतो सकाळी सहाला" म्हणाली होती आणि पावणेसहाला लाइफ जॅकेट घालून उभी. जॅकेट दोन, ४,८००.

वीस मिनिटं कोरडी. मग सेंटरबोर्डच्या खिळीतून थेंब. नायलॉनच्या वॉशरऐवजी रबराचा घालून थांबलं. बोर्ड खाली गेला, वर येईना. गाळ. अर्धा मिलिमीटरचा माज इथे पूर्ण उतरला. नंतर दोन मिलिमीटर मोकळीक ठेवली.

म्हशी धुवायला आलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. "शीड कुठाय?" "आज नाही, आज गळती बघतोय." "मग गळाली का?" "थोडी." ते समाधानानं निघून गेले.

८ जून

पाऊस. काम बंद. हिशेब केला. जॅकेटं सोडून, वाया गेलेला प्लाय धरून १,०६,०००. तीन महिन्यांचे सात झाले. भिंतीवर मारलेल्या रेघांवरून कामाचे तास ३४०.

२१ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं इशारा पातळी, ३९ फूट, ओलांडली. धोक्याची ४३. मामांचं गुऱ्हाळ नदीकडच्या उताराला. पहाटे ट्रॅक्टर ट्रॉलीत भाताचा पेंढा अंथरून होडी उद्यमनगरात हलवली. वाटेत चौकाचौकात एकच विनोद: "होडी घेऊन रस्त्यानं का चाललाय? नदीतनं चला की!"

एकानं मात्र खरंच विचारलं, जनावरं काढायला येता का. त्याला नीट सांगितलं: ही शिडाची, हलकी, एका अंगाला दोघं बसले तर उलटणारी. पुराच्या ओढीत हिला आवरणारं काही नाही. त्याला ते पटलं नसावं. दुपारी त्याची जनावरं ट्रॅक्टरनंच निघाली, मी दोर धरायला गेलो.

२६ ऑक्टोबर

पुन्हा पिकअप, पुन्हा लाल साडी, जाऊन-येऊन १३,०००. वैभववाडी, तळेरे, आणि खाली वाघोटन खाडी. जिथून आणली तिथेच पाण्यात घालायची, कारण मालकांनी उतार वापरू दिला आणि जेवणाचंही विचारलं.

सकाळी मतलई वारा, जमिनीकडून, अगदी मंद. डोलकाठी उभारायला पन्नास मिनिटं लागली. ज्यांना हे येतं त्यांना दहा लागतात. पुढचं छोटं शीड उलटं बांधलं, काढून पुन्हा बांधलं. मालक पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

निघालो. पहिले दोनशे मीटर मला काहीच आठवत नाही, फक्त दोर हातात कसा ओढला जात होता ते. पुतणी समोर, तिचा चेहरा वर शिडाकडे. पलीकडे किल्ल्याचा बुरूज आणि खाडीच्या आत आंग्र्यांच्या गोदीची बाजू. या पाण्यात तीनशे वर्षांपूर्वी काय काय उतरलं असेल ते मनात आलं, आणि तेवढ्यात बूम, शिडाखालची आडवी काठी, डोक्यात बसली.

अकराच्या सुमाराला खारा वारा सुरू झाला आणि ओहोटी त्याच्या उलट. बारीक उभ्या लाटा, पाणी आत. वळवताना दोन वेळा तोंड वाऱ्यात अडकून मागे सरकलो. पातळ भिंतीचा कान कुरकुरला, तुटला नाही. ठरवून, उथळ जागी, होडी एकदा उलटवली. टाक्या धरतात का ते आपल्या सोयीच्या वेळी कळलेलं बरं. तरंगली. सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ केली, तिसऱ्या प्रयत्नात, गुडघे सोलून.

काठावर आलो तेव्हा मालक म्हणाले, "कोंबडे खंय बसतले आता?"

आण्णांना फोनवर कळवलं. त्यांची चक्कर उधार आहे.

संध्याकाळी बुचं काढली. उजवी टाकी कोरडी ठणठणीत. डावीतून पाव लिटर पाणी निघालं. आधीचं कुठे मुरलेलं बाहेर आलं असेल, असं पुतणीचं म्हणणं. बोट बुडवून चाखलं.

खारं. सोमवारी पुन्हा यू नळी आणि साबणाचं पाणी.